विमानांची आडनावे

गतवर्षी आमच्या चिरंजीवाकडे अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगरी तीन मास राहण्याचा योग आला. त्याने तेथील नागरिकत्व स्वीकारल्याची वार्ता तत्पूर्वीच कानी आली होती. तिचे शल्य उरात घेऊनच आम्ही गेलो. एके दिवशी नातवाने ‘म्युझियम ऑफ फ्लाइट’ हे संग्रहालय पाहावयास नेले. बोइंग कंपनीचा जन्म याच नगरातला. तेथील विस्तीर्ण छपराखाली 9 फेब्रुवारी 1969 रोजी प्रथम उडालेले आद्य 747 उभे आहे.

“आजोबा, प्रत्येकाच्या नावात साताचा अंक का?” नातवाने विचारले. उत्तर असे, की बोइंगच्या नोंदींत 300 व 400 हे अंक इतर विमानांस, 500 टर्बाइन इंजिनांस, 600 अग्निबाणांस आणि 700 जेट वाहतूक विमानांस नेमलेले होते. ‘700’ पेक्षा ‘707’ कानास गोड, म्हणून तो अंक रूढ झाला व पुढे 727, 737, 747 अशी परंपरा चालली. 45 अंशांची ज्या 0.707, तीवरून हे नाव पडले, अशीही एक आख्यायिका आहे. मास्तरास ती मोह पाडणारी खरी. परंतु त्या विमानाचे पंख 35 अंशांनी मागे कललेले, तेव्हा ती टिकत नाही.

त्या 747 कडे पाहताना आम्हांस 1971 साल आठवले. एअर इंडियाचे पहिले 747, ‘सम्राट अशोक’, मुंबईस आले तेव्हा वडिलांनी ते दाखविण्यास सांताक्रूझला नेले होते. त्याची पूर्ण संज्ञा 747-237बी. सूत्रकारांस शोभेल असे हे लाघव! 747 हे कुल, 2 म्हणजे 200 ही मालिका, ‘बी’ हा उपभेद, आणि मधले 37 म्हणजे प्रथम ग्राहक एअर इंडिया. पॅन अ‍ॅमचा असाच अंक 21 होता. 1 जानेवारी 1978 रोजी ते विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळून 213 जीव गेले. अपघाताच्या नोंदींत आजही 37 हा अंक तसाच आहे.

या पद्धतीचे मर्म पुढेच आहे. विमान विकले गेले, रंग बदलला, ध्वज बदलला, तरी प्रथम ग्राहकाचा अंक बदलत नाही. एप्रिल 2024 मध्ये एअर इंडियाचे ‘आग्रा’ हे 747-437 मुंबईहून अमेरिकेस कायमचे गेले, तेही आपले 37 सवे घेऊनच. कोकणातले गाव सोडून पिढ्या लोटल्या, तरी आमच्या आडनावातील ‘कर’ सुटला नाही, त्यातलाच हा प्रकार. चिरंजीवाचे पारपत्र बदलले. आडनाव मात्र तेच राहिले, हे तोवर आमच्या ध्यानातच आले नव्हते.

जवळच 787 उभे होते. त्याच्या व 737 मॅक्सच्या संज्ञेत हा ग्राहकांक मुळी नाहीच. नव्या पिढीत ती रीत बंद झाली. नातवाकडे पाहून मन किंचित चरकले.

त्या सायंकाळी त्यास देवनागरीत नाव लिहावयास बसविले. आडनावाशी येताच तो थांबला व म्हणाला, “आजोबा, हे ‘कर’ म्हणजे काय?”

आम्ही कोकणचा नकाशा उघडला.