सतरा वर्षांखालच्या पोरांचं ऋण

कोल्हापुरात फुटबॉल कुणी शिकवावा लागत नाही, तो पेठेतच अंगात भिनतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने बघत मी वाढलो, आणि पुढं क्रीडाशिक्षक झालो तो तेवढ्याच शिदोरीवर. संघ निवडताना पोरांना ओळीत उभं करायचं आणि दांडगी तेवढी बाजूला काढायची, ही माझी रीत. शालेय स्पर्धेत अंगापिंडाचाच संघ जिंकतो, असं मला मनापासून वाटायचं. जन्मतारीख म्हणजे फॉर्म भरताना दाखल्यावरून उतरवायची गोष्ट.

2017 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आमच्या शहराला तो घरचा वाटला तो अनिकेत जाधवमुळे. आमच्याच मातीतला पोरगा भारताच्या संघात होता. दिल्लीतल्या पहिल्या सामन्यात अमेरिकेनं आपल्याला 3-0 नं हरवलं. मग 9 तारखेला कोलंबिया. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडर मारला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. आम्ही ओरडत होतो तोवर कोलंबियानं दुसरा गोल करून सामना नेला. मणिपूरचा हा जीक्सन अवघा सोळा वर्षांचा होता, आणि आधीच्या एका निवडीत राहून गेला होता, हे मी नंतर वाचलं. ते वाचून मला माझ्या ओळीतून मागं राहिलेली पोरं आठवू लागली. त्यांची नावंसुद्धा मला धड आठवेनात.

घानानं आपल्याला 4-0 नं हरवलं, तेव्हा त्यांच्या पोरांची अंगं बघून आमच्यात कुजबुज झाली. त्या कुजबुजीमुळेच मी नियम शोधून वाचले. या स्पर्धेला 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुलं चालत होती. आणि फिफा 2009 पासून मनगटाचा एमआरआय वापरतं. हाडाच्या टोकाची वाढ पुरी झाली आहे का, ते त्यात दिसतं. म्हणजे एकाच वयोगटातली दोन पोरं हाडानं वेगवेगळ्या टप्प्यावर असू शकतात. जानेवारीचा आणि डिसेंबरचा पोरगा एकाच वर्षाचा, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते अंतर फार मोठं असतं. मी इतकी वर्षं खेळ म्हणून जे निवडत होतो, त्यात जन्माच्या महिन्याचा वाटा किती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

शाळेची काही पोरं घेऊन नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि मालीची उपांत्य लढत बघितली. स्पेन 3-1 नं जिंकला. मालीचा एक फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला, पण पंचांनी गोल दिला नाही. मालीची पोरं तरीही शेवटपर्यंत धावत राहिली. परतीच्या गाडीत आमची पोरं स्पेनपेक्षा मालीबद्दलच बोलत होती.

अंतिम सामना कोलकात्यात, तो टीव्हीवर पाहिला. इंग्लंड 0-2 नं मागं होतं आणि 5-2 नं जिंकलं. त्यात फिल फोडेनचे दोन गोल. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. आमचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, ह्यो तर आपल्यापेक्षा बारका हाय.’’ त्या पोराला मी त्या वर्षी संघात घेतलं नव्हतं. मी काही बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी सरावाला ये म्हणून त्याला सांगितलं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढं जन्माचा महिना असतो. दर सहा महिन्यांनी उंची मोजतो. सरावात पोरं वर्गाप्रमाणं न लावता उंचीच्या जोड्या लावून खेळवतो, म्हणजे बारक्याच्या पायाशीही चेंडू राहतो. पाय कसा चालतो, पास देण्याआधी मान वर होते का, हे तेव्हाच दिसतं. संघ अजूनही अकराचाच निघतो आणि काही पोरं राहतातच. पण डिसेंबरात जन्मलेला पोरगा निवडीत राहिला, तरी त्याला मी मैदान सोडू देत नाही.