बंद दारापाशी

पिशाचकथा वाचून डोळे पाणावतात, हे कुणास खरे वाटणार नाही. पुण्याचे भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ज्या कादंबरीवर बेतलेली आहे, त्या स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ने (१९७५) आम्हांला रडवले. फादर कॅलहन पिशाचापुढे क्रूस धरतात. ‘क्रूस टाकून केवळ श्रद्धेच्या बळावर सामोरा ये,’ असे ते आव्हान देते. फादर कचरतात आणि क्रूसाचे तेज मावळते. पिशाच त्यांना आपले रक्त पाजते. पुढे स्वतःच्याच चर्चच्या दाराला हात लावताच तो भाजतो. ‘डार्क टॉवर’ मालिकेच्या पाचव्या खंडात (२००३) हेच फादर पुन्हा भेटतात. दूरच्या एका गावात त्यांनी चर्च उभारलेले असते. ज्याला दार बंद झाले, त्याने इतरांसाठी दार उघडावे, यापरते सांत्वन कोणते?