नदीला लावलेले वळण

बडा तलाव कोणी बांधला, असे भोपाळमधल्या कोणत्याही मुलाला विचारा. ते लगेच राजा भोजाचे नाव सांगेल. पण तलाव भरला की जास्तीचे पाणी जाते कुठे, असे विचारले तर मोठी माणसेही जरा घुटमळतात. भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि तेथून ते जाते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण तेथून पुढे काय? मी बरीच वर्षे भूगोल शिकवला आणि दर वर्षी हा प्रश्न वर्गात विचारला. आपल्या शहराची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी गोष्ट ह्या साध्या प्रश्नात दडलेली आहे. आज निवृत्तीनंतर ती आपल्या पत्रिकेच्या वाचकांपुढे मांडावीशी वाटली.

नकाशा समोर ठेवला की ही गोष्ट सोपी होते. कोलांस नावाची एक लहानशी नदी सीहोरच्या बाजूने पूर्वेकडे वाहत येते. जमिनीचा उतार पाहिला तर तिने आजचे कमला पार्क आहे त्या जागेवरून, छोट्या तलावाच्या खोलगट भागातून पुढे जाऊन हलाली नदीला मिळायला हवे. हजार वर्षांपूर्वी ती तशीच वाहत होती. अकराव्या शतकात माळव्याच्या परमार वंशातील राजा भोजाने ह्या वाटेवर मातीचा बंधारा घातला. पाणी अडले, चढले आणि पसरले. मग त्या पाण्याला भदभद्याच्या बाजूने, आग्नेय दिशेला, दुसरी वाट करून दिली. तेव्हापासून कोलांसचे पाणी हलालीला न जाता कलियासोत नदीला मिळते आणि तेथून भोजपूरजवळ बेतवेला जाते. म्हणजे आपला तलाव हे नुसते साठलेले पाणी नव्हे. एका नदीचे पाणी उचलून दुसऱ्या नदीत नेणारा तो एक प्रकारचा कालवाच आहे. दुर्बीण नाही, यंत्र नाही, छापील नकाशा नाही. तरी उताराचा एवढा अचूक अंदाज त्या माणसांनी कसा घेतला असेल, ह्याचे मला अजून नवल वाटते.

ही खटपट कशासाठी, ह्याची एक दंतकथा माळव्यात सांगतात. राजाला असाध्य व्याधी जडली. ३६५ प्रवाहांचे पाणी एकत्र करून त्यात स्नान केले तर बरे वाटेल, असे एका साधूने सांगितले. शोधाशोध केली, पण काही प्रवाह कमी पडले. तेव्हा कालिया नावाच्या एका गोंड सरदाराने लपलेली एक नदी दाखवली, तिच्या पाण्याने संख्या पूर्ण झाली आणि म्हणून तिचे नाव कलियासोत पडले. विल्यम किंकेड ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली हा प्रदेश पाहून त्यावर लेख लिहिला. भोजपूरचा मोठा तलाव भरण्यासाठी हे पाणी वळवले असावे, असा ह्या कथेचा अर्थ लावला जातो. भोजपूरचा तो तलाव सुमारे अडीचशे चौरस मैलांचा होता, असा जुना अंदाज आहे. मंडीदीप हे नाव त्या तलावातल्या बेटावरून, म्हणजे द्वीपावरून पडले, असे सांगतात.

तो तलाव आज नाही. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह ह्याने त्याचा बांध फोडला. फौजेला बांध तोडायला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षे आणि तळाची जमीन वस्तीयोग्य व्हायला तीस वर्षे गेली, असे गोंड लोकांत सांगत. शाळेच्या सहलीत आपण भोजपूरचे अपुरे शिवमंदिर पाहतो, तेव्हा तेथून जवळच उरलेले बांधाचे दगडही मुलांना जरूर दाखवावेत. दगडाचा तो भक्कम बांध गेला आणि इकडे भोपाळचा मातीचा बंधारा उभा राहिला. असे का झाले असेल? माझ्या मते ह्या बंधाऱ्यावर माणसे नांदत राहिली, हे एक मोठे कारण आहे. राणी कमलापतीचा महाल ह्या बंधाऱ्यावरच उभा आहे. पुढे नवाबी काळात १७९४ साली छोटे खान ह्यांनी खालच्या अंगाला छोटा तलाव बांधला. ज्या बांधावर घर असते, त्याला भगदाड पडलेले कोणी पाहत बसत नाही.

आपली मराठी मंडळी ह्या गोष्टीत बरीच उशिरा आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर फायलींच्या पेट्या आल्या आणि फायली सांभाळणारी शेकडो कुटुंबेही आली. माझे वडील त्यांपैकी एक. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार मांडला गेला. आईला सुरुवातीला इथे करमत नसे. नागपूरची संत्री, नागपूरचा उन्हाळा, नागपूरची माणसे, सगळे तिला आठवायचे. वडील मात्र नळाखाली तांब्या धरून म्हणायचे, "अगं, ज्या गावचं पाणी अंगी लागलं, ते आपलं गाव." ते पाणी बड्या तलावाचे होते. त्या काळी शहराची तहान मुख्यतः तोच भागवत असे. १९६५ साली भदभद्याला अकरा दरवाजांचे धरण झाले, तेव्हा वडील आम्हा भावंडांना ते दाखवायला घेऊन गेले होते. दरवाजांतून पडणाऱ्या पाण्याचा तो आवाज आणि चेहऱ्यावर बसणारे तुषार मला आजही आठवतात.

पण गाव वाढले. १९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती सुमारे १ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १८ लाखांवर गेली. नाल्यांतून घाण पाणी तलावात येऊ लागले. पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरचे, आणि त्यात बहुतेक शेती. तेथून पावसाबरोबर माती, खते आणि कीटकनाशके वाहून येत. तळाशी गाळ साचला, काठाला जलकुंभी माजली. अखेर १९९५ साली जपानच्या कर्जाच्या मदतीने भोज वेटलँड प्रकल्प सुरू झाला आणि २००४ पर्यंत चालला. त्यावर सुमारे २४७ कोटी रुपये खर्च झाले. गाळ काढला, जलकुंभी काढली, सांडपाणी वळवण्यासाठी वाहिन्या टाकल्या, पाणलोटात झाडे लावली, धोबीघाट हलवले आणि मूर्ती विसर्जनासाठी प्रेमपुरा घाट बांधला. २००२ साली दोन्ही तलाव मिळून भोज पाणथळ क्षेत्राला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली. राजा भोजाचे नाव तलावाला अधिकृतपणे मिळाले ते २०११ साली. आज सरकारी कागदांत तो भोजताल आहे, बोलण्यात मात्र बडा तलावच.

प्रकल्प संपला तेव्हा आम्हा सर्वांना वाटले, चला, काम झाले. पण तलाव म्हणजे घराची रंगरंगोटी नव्हे, की एकदा केली आणि दहा वर्षे निश्चिंत झालो. पाऊस कमी झाला आणि २००९ च्या उन्हाळ्यात तलावाचा फार मोठा भाग कोरडा पडला. जिथे नावा चालत, तिथे भेगाळलेली जमीन दिसू लागली. तेव्हा शहरात श्रमदानाची हाक दिली गेली आणि हजारो लोक फावडी-घमेली घेऊन गाळ काढायला गेले. आमच्या कॉलनीतले आम्हीही काही जण सकाळी सहाला जात होतो. माझ्याच्याने चार-पाच घमेल्यांपेक्षा जास्त होत नसे. आमच्यासारख्यांनी किती गाळ निघाला असेल? मोठ्या यंत्रांच्या मानाने चिमूटभर. पण रांगेत माझ्यापुढे एक सिंधी दुकानदार होते, मागे बुरख्यातल्या एक आजी आणि त्यांचा नातू होता. पन्नास वर्षे ह्या शहरात राहून तलावाच्या तळाशी आम्ही प्रथमच एकत्र उभे होतो. तलाव सरकारचा आहे, हे माझ्या मनातले वाक्य त्या रांगेत पुसले गेले.

ह्याच संदर्भात इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. माझा भाचा लंडनच्या पश्चिमेला रेडिंग गावी नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले असता तो मला केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने फिरायला घेऊन गेला. जॉन रेनी ह्या इंजिनिअरने आखलेला हा ८७ मैलांचा जलमार्ग १८१० साली पूर्ण झाला. रेडिंग आणि ब्रिस्टल ही गावे त्याने जोडली. कोळसा, दगड, धान्य असा माल घोड्यांनी ओढलेल्या नावांतून जाई. डोंगर आडवा आला तर नाव चढवायची कशी? त्यासाठी दोन दारांच्या मध्ये पाण्याचे हौद बांधलेले आहेत. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे; पाण्याबरोबर नाव आपोआप वर येते. डिव्हायझेस गावाजवळ असे २९ हौद दोन मैलांत एकापुढे एक आहेत आणि ते नावेला ७२ मीटर वर नेतात.

पुढे १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे झाली आणि कालव्याचा धंदा बसला. १८५२ साली रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला. हळूहळू दारे कुजली, पाणी गळाले, काही भागांत गवत वाढले. १९५० नंतर तो कायमचा बंद करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा काठच्या लोकांनी हजारो सह्यांचा अर्ज तयार केला आणि १९५६ साली तो नावेतून लंडनला रवाना केला. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे शिक्षक, कारकून, पेन्शनर, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उतरून हौद मोकळे करत राहिले, वर्गणी गोळा करत राहिले. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ ह्यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. क्रॉफ्टन येथे कालव्यात पाणी चढवणारे १८१२ सालचे वाफेचे इंजिन आहे. तेही स्वयंसेवक अजून ठरावीक दिवशी चालवून दाखवतात. १९५६ हे साल ऐकून मला गंमत वाटली. ज्या वर्षी माझे आईवडील पेट्या-वळकट्या घेऊन भोपाळ स्टेशनवर उतरले, त्याच वर्षी तिकडे लोक आपला कालवा वाचवायला निघाले होते.

त्या काठाने चालताना माझ्या मनात सारखी तुलना होत होती. त्यांच्या कालव्याचे काम संपले होते. त्यातून माल जायचा बंद झाला होता आणि तो बुजवला असता तरी कोणाचे अडले नसते. तरी लोकांनी तो सोडला नाही. आपल्या तलावाचे काम मात्र हजार वर्षांत संपलेले नाही. कोलारचे आणि नर्मदेचे पाणी आता भोपाळला मिळते, हे खरे, पण शहराच्या मोठ्या भागाला आजही बडा तलावच पाणी पाजतो. मग नुसत्या आवडीपोटी ते जे करतात, ते गरज असूनही आपण का करू नये? आपल्याकडे श्रमदान होते ते तलाव कोरडा पडल्यावर. तिकडे ते दर रविवारचे काम झाले. फरक पैशाचा कमी आणि सवयीचा जास्त आहे.

आपल्या समाजाशी ह्याचा थेट संबंध आहे. भोपाळमध्ये गणेशोत्सव थाटाने करण्यात मराठी मंडळींचा मोठा वाटा आहे आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण दहा दिवस ज्याची पूजा केली, त्या बाप्पाला आपण पिण्याच्या पाण्यात निरोप देतो, हे विसरून चालणार नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, तिचे रासायनिक रंग मात्र पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांतही अशा मूर्तींना मनाई आहे. आमच्या घरी गेली काही वर्षे शाडूची वीतभर मूर्ती असते आणि तिचे विसर्जन अंगणात बादलीत होते. ती माती तुळशीला घालतो. पहिल्या वर्षी नातू हिरमुसला होता. "आजी, बाप्पा बादलीतून घरी कसा जाणार?" असे त्याने विचारले. मी त्याला म्हटले, "तो तुळशीतून जाईल, आणि तलाव स्वच्छ राहिला म्हणून खूश होऊन पुढच्या वर्षी लवकर येईल." आता तोच शेजारच्या मुलांना हे समजावून सांगतो.

शाळेने, पालकांनी आणि विश्वस्त मंडळाने मिळून एक-दोन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. गणपतीपूर्वी शाळेत शाडूच्या मूर्ती करण्याचा वर्ग भरवावा. आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा कमला पार्कच्या बंधाऱ्यापासून भदभद्यापर्यंत न्यावे, जिथे एखादा नाला तलावाला मिळतो ती जागा दाखवावी आणि पाहिलेले वहीत लिहून घ्यावे. दर वर्षीच्या अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपल्या तर वीस वर्षांनी तलावाचा एक खरा इतिहास आपल्याजवळ तयार होईल.

आपल्या मराठीत 'वळण' हा फार छान शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलांनाही वळण लावावे लागते. राजा भोजाने एका नदीला वळण लावले. ते हजार वर्षे टिकले, कारण प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी ते सांभाळले. पण वळणाची एक अडचण असते. ते वारशाने मिळत नाही, प्रत्येक पिढीला नव्याने लावावे लागते. नदीचे आपण आयते मिळवले आहे. आता आपले आपण लावून घ्यायचे आहे.