दोनदाती लॅपटॉप

शेळी कशी पारखायची हे आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. उस्मानाबादी शेळी ही नावाजलेली जात. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीनं आपलं माहेरचं नाव सोडलेलं नाही. बाजारात गेलं की आधी तिचे दात बघायचे. अदंत आहे, दोनदाती आहे की चारदाती? मग कास बघायची, मागच्या वेताला जुळी झाली का ते विचारायचं, आणि किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी. नुसत्या तुकतुकीत रंगावर भुलणारं गिऱ्हाईक दिसलं की समजावं, पाहुणा बाहेरगावचा आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण सगळेच बाहेरगावचे. तोंड उघडावं तर आत दातांऐवजी अक्षरं, आणि त्यांच्याखाली लाल-हिरवे दिवे!

आमच्या धाकट्या चिरंजीवांना बारावीनंतर गेमिंगचा लॅपटॉप हवा होता. 'अभ्यासासाठी हवाय' असं तो म्हणाला नाही, याबद्दल मला त्याचं कौतुकच वाटलं. थोरला पुण्यात नोकरीला आहे. तो रात्री कॉम्प्युटरवर खेळतो आणि याला त्याच्या बाजूनं खेळायचं होतं. सौ.ची पहिली शंका, "पैसे लावायचे खेळ तर नव्हेत?" तसले खेळ सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केलेत, हे तिला पटवून दिलं. मग उरला पैशांचा प्रश्न. स्कूटर बदलायला म्हणून मी ६५ हजार बाजूला ठेवले होते. स्कूटर अजून तीन-चार वर्षं सहज निघेल, असा ठराव घरात बहुमतानं मंजूर झाला. मतदानाच्या वेळी मी बँकेत होतो.

रविवारी एसटीनं सोलापूर गाठलं. दुकानदार भला माणूस होता. "साहेब, यात ३०५० आहे, त्यातही ३०५० आहे. कुठलाही घ्या."

आता हे ३०५० म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव. पडद्यावरची चित्रं हेच भराभर रंगवतं. गेमिंगच्या लॅपटॉपचा जीव यातच असतो, निम्मीशिम्मी किंमतही. पण पंचवीस वर्षं छापील फॉर्मच्या मागची बाजू वाचण्यात घालवलेला माणूस नावावर विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर कंपनीचं पान उघडून तळाची बारीक अक्षरं वाचली. तेव्हा कळलं की एकाच नावाच्या या कार्डाला एका लॅपटॉपात ३५ वॅट वीज मिळते, तर दुसऱ्यात ८० पर्यंत. नाव एक, बिल्ला एक, काम मात्र कमीजास्त! हे मला इतक्या झटकन समजलं, की मुलगा बघतच राहिला. आमच्या शाखेत चार क्लार्क आहेत. चौघांचं पद एक, पगाराची श्रेणी एक. कुणाला किती वॅट मिळतात ते काउंटरपुढच्या रांगेला विचारा.

"या दोघांचे वॅट किती?" मी विचारलं. दुकानदारानं खोक्याकडे बघितलं, पोऱ्याकडे बघितलं, आणि चहा मागवला.

मग रॅम. ८ जीबीची एकच पट्टी, की ८-८ च्या दोन? दोन पट्ट्या बैलजोडीसारख्या चालतात, एकट्या बैलाला तेवढी ओढ नसते. आणि पुढेमागे जोडीदार आणायचा झाला, तर गोठ्यात जागा हवी, म्हणजे दुसरी खाच मोकळी हवी. काही मॉडेलांत रॅम डागून बसवलेली असते. तिथं लग्न कायमचं.

"पप्पा, एवढं काय बघायलाव?" चिरंजीव कुजबुजले. मी थोरल्याला फोन लावला. "तुम्ही खेळणार कोणता खेळ?" "वॅलोरंट." २०२० साली आलेला हा खेळ साध्या मशीनवरही चालतो म्हणे. म्हणजे याच्यासाठी लाखाचं यंत्र घेणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रक काढणं.

दोनदाती नग ठरला: ३०५०, पुरेशा वॅटचं, १६ जीबी, किंमत ६५ हजार. त्यातले ९,९१५ रुपये १८ टक्के जीएसटीचे, हे मी मनातल्या मनात काढलं. बी.कॉम.चा तेवढाच उपयोग.

"नो कॉस्ट ईएमआय करून देऊ?" दुकानदारानं माझं दुखणं बरोबर ओळखलं. पण बिनव्याजी पैसा आणि बिनदुधाचा खवा मी अजून पाहिलेला नाही. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. इथं व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवतात. व्याज समजा ४,००० झालं, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२० रुपये, गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी. रोखीनं काही सुटत असेल, तर तेही गेलं. मी रोख मोजले. १,५०० सुटले. रुमालाखाली हात घालून सौदा केला असता तर आणखी पाचशे सुटले असते, पण दुकानाला काचेचं दार होतं.

याला लॅपटॉप म्हणतात, पण मांडीवर मात्र घेऊ नये. खेळ सुरू झाला की बुडाखालून भट्टी पेटते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर पंखे गिरणीसारखे ओरडतात. गादीवर ठेवला तर हवेची भोकं बुजतात. वायर काढली की कार्डाची शक्ती निम्म्यावर येते. त्यामुळे तो देवघराशेजारच्या टेबलावर, प्लगला बांधूनच असतो. चार्जर विटेएवढा.

थोरला आम्हाला फोन करतो तेव्हा 'हो', 'जेवलो', 'ठेवतो' एवढ्यात संपतं. खेळताना मात्र धाकट्याशी तासदीडतास बोलतो. गोळ्या झाडता झाडता खोलीचं भाडं वाढल्याचं, मेसच्या डाळीचं, साहेब बदलल्याचं, परवा ताप येऊन गेल्याचंसुद्धा. हे कळल्यापासून सौ.नं धाकट्याला हेडफोन काढून आवाज मोठा ठेवायला लावलंय. ती शेजारी मेथी निवडत बसते. एक जुडी निवडायला दीड तास लागत नाही, पण आमच्याकडे हल्ली लागतो.