आगाशीचे दादा आणि अर्नाळ्याचं बेट



गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही घरचे सगळे आगाशीला मुनिसुव्रत दादांच्या दर्शनाला गेलो. वाणगावहून सकाळची डहाणू-विरार लोकल, विरारला उतरून रिक्षा. पूजेचे कपडे, केशराची डबी, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या अशी सगळी तयारी होती. आपल्यापैकी बऱ्याच जणी तिथे जाऊन आल्या असतील. भायखळ्याचं देरासर आणि पालिताण्याची टूंक ज्यांच्या नावाने आपण ओळखतो, त्या मोतीशा शेठांनी हे देरासर बांधलं. दादांची मूर्ती सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळाली, असं सांगतात. हे सोपारा म्हणजे नालासोपारा. नवपद ओळीत आपण दर वर्षी श्रीपाळ-मयणाची कथा ऐकतो, त्यात सोपारक नगर येतं. इतकी वर्षं आयंबिल करता करता ते ऐकलं, पण ते आपल्याच पालघर जिल्ह्यात, लोकलच्या वाटेवर आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं!

पूजा झाली, जेवण झालं. मग नातवाने अर्नाळा किल्ल्याचा हट्ट धरला.

खरं सांगते, माझ्या मनात नव्हतं. चिंचणी समुद्राकाठचीच. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो ती वाट मी गावातही टाळते. इथे तर अख्खं बेटच कोळ्यांचं. पण सून म्हणाली, "मम्मी, तुम्ही एकट्या किनाऱ्यावर काय करणार? चला ना." म्हणून होडीत बसले. समोर एक माझ्याच वयाची कोळीण, पायाशी रिकामी पाटी. मी पदर नाकाला लावला तो काही काढला नाही.

दहाएक मिनिटांत पलीकडे पोचलो. ओहोटी होती, होडी पार किनाऱ्यापर्यंत गेली नाही. सगळे पटापट पाण्यात उतरले. माझे गुडघे हे असे, मी काठ धरून उभीच. तेवढ्यात ती कोळीण मागे वळली. आधी तिने आपला हात समुद्रात खळबळून धुतला, लुगड्याला पुसला आणि मग पुढे केला. "बाय, हात दे. ढोपरावरच पानी हाय."

तो हात धुणं मला लागलं. म्हणजे माझा पदर तिने पाहिला होता. तरी चेहऱ्यावर राग नाही. मी तिचा हात धरून उतरले, वाळू लागेपर्यंत तिने सोडला नाही.

किल्ला मात्र बघण्यासारखा. वैतरणेच्या मुखावर पहारा ठेवायला बांधलेला. पोर्तुगीजांकडून तो मराठ्यांनी 1737 साली घेतला आणि मग नव्याने बांधून काढला. दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत, वर शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे आणि बांधणाऱ्या बाजी तुळाजीचंही. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, अष्टकोनी तळं आणि भाजीचे मळे. चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी!

परतताना ती पुन्हा भेटली, दारात बसलेली. तिने पाणी विचारलं. मी बाटली दाखवून म्हटलं, "ताई, मी उकळलेलंच पिते, आमचा नियम आहे." मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "आमचंबी वार असतात, बाय. नेम तो नेम." पाच मिनिटं तिच्या ओट्यावर टेकले. मुलगा बोटीवर गेला की तो परत येईपर्यंत तिला झोप नसते, हे तिने सांगितलं. माझा मुलगा रात्री उशिरा हायवेने येतो, तेव्हाची मी मला आठवले.

चौविहाराआधी घर गाठायचं होतं, पण वाटेत सोपाऱ्याचा स्तूप पाहिला. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी बाहेर पडत, मी धर्मयात्रेला निघतो. आणि त्या यात्रेत काय करायचं? साधूंचं दर्शन, वृद्धांना दान आणि गावोगावच्या माणसांची भेट.

गाडीत बसून मी दिवसाचा हिशेब मांडला. देरासरात फुलं, चंदन, चैत्यवंदन सगळं बरोबर झालं होतं. माणसांच्या खात्यात मात्र एक नाक दाबलेला पदर. मासळीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. जीवदया आपला प्राण आहे. पण जो जीव समोर हात धरायला उभा आहे, त्याला तुच्छ मानणं ही दया कुठली? नियम माझ्या ताटासाठी घेतला होता. तो मी दुसऱ्याला मोजायला वापरत होते.

तुम्ही जाल तेव्हा पावसाळा टाळा, भरती-ओहोटी विचारून घ्या, पाणी सोबत ठेवा आणि परतीची होडी लवकरची धरा.

त्या रात्री प्रतिक्रमणात तिची आठवण काढली. तिचं नावही विचारलं नव्हतं. तरी मनापासून म्हटलं, मिच्छामि दुक्कडं.