जुन्या सायकलीला मडगार्ड बसवताना

पावसाळा तोंडावर आला की खेड्यात पेरणीबरोबर शाळेचीही तयारी सुरू होते. दप्तर, छत्री, गणवेश सगळे आठवते. सायकलीचे मडगार्ड मात्र पोरगी पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वर्गात बसते तेव्हाच आठवते. असे दोनदा झाले की ती पावसात शाळेला जायला कां-कू करू लागते. म्हणून वाचकहो, ही गोष्ट लहान समजू नका.

आमचे गाव जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात. माझी पुतणी घरच्या जुन्या सव्वीस इंची सायकलीवर शाळेला जाते. पहिला किलोमीटर पाणंद, पुढचे तीन किलोमीटर डांबरी. खरा पेच इथेच आहे. डांबरीवर मडगार्ड नसले तर पाठ भिजते, आणि पाणंदीत ते टायरला लागून असले तर चाक जाम होते.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती झाली. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि धरले ते सोडत नाही. टायरवर थर चढत जातो, मडगार्डखाली ठासून बसतो आणि चाक फिरायचे थांबते. मग सायकल माणसाला वाहून नेत नाही, माणूसच तिला खांद्यावर घेतो. म्हणून माझे सांगणे एवढेच : मडगार्ड टायरला चिकटून शोभिवंत दिसण्यापेक्षा मधली जागा मोकळी राहणे आपल्याकडे जास्त मोलाचे.

जुन्या सांगाड्याला त्याच्याच मापाचे मडगार्ड मिळेल या भरवशावर राहू नये. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तोही नेमका जागतिक सायकल दिनी. अशा कितीतरी जुन्या सायकली अजून चालतात, पण त्यांना बाजारात असेल तेच बसवून घ्यावे लागते. खरेदीआधी टायरच्या बाजूवर उठवलेले आकडे वाचा. ३७-५९० म्हणजे टायरची रुंदी ३७ मिलिमीटर, आणि ५९० हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ४७-५५९ हेही सव्वीस इंचीच, पण एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. मोठ्या काळ्या सायकलीचे २८ × १½ चे टायर म्हणजे ४०-६३५. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे टायर पाहून मडगार्ड घ्यावे. टायरपेक्षा ते आठ-दहा मिलिमीटर रुंद असले म्हणजे पुरे.

आमच्या सायकलीला मिळालेले मडगार्ड ४७ मिलिमीटरचे. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमधली जागा मात्र ४४ ची, आणि वरच्या जोडापाशी टायरवर जेमतेम ९ मिलिमीटर. पत्रा ठोकून अरुंद केला तरी उंचीचा प्रश्न उरतोच, कारण पत्रा आणि बोल्टचे डोके यातच निम्मी जागा जाते. म्हणून मडगार्ड चिमट्यापाशी कापून त्याचे दोन तुकडे केले. पुढे वीतभर तुकडा, मागे लांब तुकडा. प्रत्येकाला काटकोनात वाकवलेली लोखंडी पट्टी दोन रिव्हेटांनी जोडली आणि दोन्ही पट्ट्या चिमट्याच्या मूळ बोल्टवर आवळल्या. रिव्हेट एकच असेल तर तुकडा फिरतो. कापलेली कड कानसीने घासून तिच्यावर रेड ऑक्साइड लावावे, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चाकाचा मागचा भाग खालून वर येतो, म्हणून खडा किंवा पऱ्हाटीची काडी मडगार्डात खालच्या तोंडानेच शिरते. तोंडाशी जागा थोडी कमी आणि वर जास्त असेल तर शिरलेले बाहेर पडते. उलट असेल तर पाचर बसते, आणि पुढचे चाक असे अडकले की बसणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. चिमट्यापाशी मडगार्ड कापल्याने ही अडचणीची जागाच उरत नाही. खालच्या टोकाला पत्र्याऐवजी जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा लावा. तो पाणी अडवतो आणि चिखलाचा गोळा आला की वाकून वाट देतो.

मागच्या चाकाला जागा करणे सोपे. पायडलजवळ टायर सांगाड्याला भिडत असेल तर चाक खाचेत मागे सरकवावे. साखळी पुरत नसेल तर तिच्यात एक इंच, म्हणजे दोन कड्या वाढवाव्यात. तेवढ्याने चाक अर्धा इंच मागे जाते. मडगार्ड आणि सांगाडा यांत अंतर राहत असेल तर मडगार्ड ओढून आवळू नये. ताणाने पत्रा बोल्टपाशीच चिरतो. मध्ये लाकडाचा किंवा रबराचा ठोकळा घालून लांब बोल्ट वापरावा. मडगार्डच्या तारा, कॅरिअरचे पाय आणि वायसर एक्सलवर चढवल्यावर नट सगळ्या आट्यांवर बसतो की नाही, हे जरूर पाहावे. नट अर्ध्या आट्यांवर असेल तर कॅरिअरचे पाय दुसरीकडे आवळा, चाकाशी तडजोड नको.

शेवटी घाई करू नका. चाक उचलून फिरवा आणि कान देऊन ऐका. ब्रेक दाबा, त्याची कमान मडगार्डला घासता कामा नये. हँडल पूर्ण वळवून पायडलवरच्या पायाचा अंगठा मडगार्डला लागतो का ते बघा. मग जो रोज बसणार त्यालाच बसवून अंगणात चालवायला लावा, कारण वजनाने टायर दबतो आणि कॅरिअर हलते.

एवढे करूनही झडीच्या दिवसांत पाणंदीत चिखल चढणारच. त्यासाठी कॅरिअरला चपटी काठी बांधून द्या, आणि चाक जड लागताच उतरून चिखल काढायचा हे मुलांना शिकवा. जोर लावून पायडल मारले तर साखळी तरी तुटते, नाहीतर मडगार्ड तरी. हे काम मृगाच्या आधी एका दुपारी होते. पेरणी लागली की पाना हातात घ्यायला घरात कोणाला सवड नसते.