नाळ कोणी कापली?

नाताळच्या संध्याकाळी पाहुणे पांगले, फराळाची ताटे उचलली गेली, की येशूच्या जन्माचा एखादा चित्रपट सर्वांनी एकत्र बसून पाहायचा, हा आमच्या घरचा वीस-पंचवीस वर्षांचा परिपाठ आहे. असा चित्रपट मी प्रथम पाहिला तो नगर जिल्ह्यातील आमच्या गावी, चर्चच्या आवारात दोन बांबूंना ताणलेल्या पांढऱ्या कापडावर. तो होता ‘दयासागर’. १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाचे ते हिंदी रूप. विजयचंदर यांचा येशू पाहून आमच्या शेजारच्या बायका पदराने डोळे पुसत असत आणि आम्ही मुले मात्र कापडाच्या मागे जाऊन उलटी चित्रे पाहत असू.

आता पडदा घरातच आहे आणि चित्रपट कोणता लावायचा यावर दरवर्षी वाद होतो. मला पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा १९६४ चा कृष्णधवल चित्रपट आवडतो. त्याच्या आरंभी गरोदर मरीया आणि गोंधळलेला योसेफ एकमेकांकडे नुसते पाहत राहतात; शब्द एकही नाही. घरातील इतरांना तो पाहताना झोप येते. माझ्या धाकट्या भावाची दहा वर्षांची मुलगी ‘द स्टार’ या २०१७ च्या कार्टूनपटाचा आग्रह धरते, कारण त्याचा नायक गाढव आहे. गेल्या नाताळात मात्र निवडीचा मान आमच्या सुनेला मिळाला. तिला सातवा महिना होता. तिने कॅथरीन हार्डविक यांचा २००६ चा ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ लावायला सांगितला.

या चित्रपटाच्या सुरुवातीलाच हेरोदाचे शिपाई बेथलेहेमातील बालकांवर तुटून पडतात. मुलीला मी आधीच कल्पना देऊन ठेवली होती, तरी ती आजीच्या पदराआड गेली. लहान मुले बरोबर असतील तर एवढा भाग पुढे सरकवावा, असा माझा अनुभव आहे. पुढचे सारे मात्र पाहण्याजोगे आहे. मरीया अलीशिबेकडे जाते, तिचे बाळंतपण जवळून पाहते. बायका भोवती आहेत, कण्हणे आहे, घाम आहे. वैद्यकीय डोळ्यांना पटावे असे बाळंतपण धार्मिक चित्रपटात क्वचितच दिसते. एरवी पडद्यावर जन्मलेले मूल निदान दोन महिन्यांचे, न्हाऊन-माखून आलेले असते. आई इंग्रजी जाणत नाही. मी तिच्या शेजारी बसून हलक्या आवाजात मराठीत सांगत होतो.

शेवटी ती गुहा आली, गव्हाण आली. आकाशातून प्रकाशाचा झोत उतरला आणि योसेफाने बाळ दोन्ही हातांवर उचलून धरले. सून डोळे टिपत होती. तेवढ्यात आई म्हणाली, “नाळ कोणी कापली?”

सगळे हसले. मीही हसलो. “योसेफानेच कापली असेल, आई. दुसरे होते कोण तिथे?”

“कशानं?”

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि पवित्र शास्त्र तिच्या जिभेवर आहे. लूकने बाळंत्याचे लिहिले, गव्हाणीचे लिहिले. सुईणीचे नाही आणि नाळेचेही नाही, हे तिने आम्हाला ऐकवले. मग यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायाची आठवण दिली. तिथे नवजात मुलीची नाळ कापणे, तिला पाण्याने धुणे, मीठ चोळणे, बाळंत्यात गुंडाळणे यांचा उल्लेख आहे. “म्हणजे त्या लोकांना ठाऊक होतं सगळं,” ती म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, “माझ्या पहिल्याची विळ्यानं कापली होती.”

सुनेने चित्रपट थांबवला.

आम्ही तिघे भावंडे. आमच्याआधी १९६० मध्ये एक मुलगा झाला होता, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळले. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या पडवीत आई बाळंत झाली. भावकीतल्या एका वयस्क बाईने कडब्याच्या विळ्याने नाळ कापली आणि वर गोवरीची राख लावली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. बाळ चांगले रडले, पाच दिवस अंगावर प्यायले. सहाव्या दिवशी त्याने पिणे सोडले. “तोंड उघडेना. पाठ कमानीसारखी व्हायची. दिवा जवळ नेला तरी दचकून ताठ व्हायचं.” आठव्या दिवशी ते गेले. नाव ठेवायचे राहून गेले होते. “सगळ्या म्हणाल्या, माझं दूध नासलं होतं. म्हणून त्यानं धरलं नाही.”

चौसष्ट वर्षे ती हे मनात धरून होती. माझ्या धाकट्या भावाला तिने दोन महिन्यांतच गाईच्या दुधावर का नेले, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

इतक्या स्पष्ट लक्षणांचा रुग्ण मी परीक्षेतही ओळखला असता. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितले, आई, दूध नासले नव्हते. तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. विळ्यावरून किंवा राखेतून ते ओल्या नाळेत गेले. त्यांच्या विषाने जबडा आवळला जातो. बाळाला प्यायचे होते, त्याला तोंड उघडता येत नव्हते.

“प्यायचं होतं?” तिने दोनदा विचारले.

मग सुनेकडे पाहून म्हणाली, “हिला ती सुई दिली ना?” दिली होती. पूर्वी ‘टीटी’ म्हणत, आता तिच्यात घटसर्पाचीही लस असते. पहिली मात्रा गरोदरपणाच्या सुरुवातीला, दुसरी चार आठवड्यांनी. आईच्या रक्तातील संरक्षण वारेतून बाळाला मिळते. नाळ निर्जंतुक पात्याने कापली आणि तिच्यावर राख, तेल, हळद असे काहीही न लावता ती कोरडी ठेवली, म्हणजे बहुतेक काम होते. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे रुग्ण अत्यंत विरळ झाले; जंतू मातीत आहेतच. आजही एखादी आजी नातवाच्या बेंबीला हळद लावून माझ्याकडे येते, आणि मी तिच्यावर रागावतो. रागावू नये, हे आता कळते.

“तेव्हा होती का ही सुई?” आईने विचारले.

खोटे बोलणे सोपे होते. लस १९२० च्या दशकातच तयार झाली होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ती सर्रास दिली जात होती. मी म्हणालो, “होती. आपल्या गावापर्यंत आली नव्हती.”

तिने मान हलवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीने विचारले, “आजी, त्या बाळाला कुठे पुरलं?” मी तिला गप्प करणार होतो, पण आईने उत्तर दिले. मळ्यातल्या बोरीखाली. ती बोर मी लहानपणी शेकडो वेळा झोडली आहे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिचा पूर्वेतिहास मीच लिहून दिला होता. त्यात ‘बाळंतपणे तीन’ असे माझ्या हस्ताक्षरात आहे. तिला विचारले नव्हते. मला वाटले, मला ठाऊक आहे.

मार्चमध्ये सुनेला मुलगी झाली. तिची नाळ गळून पडेपर्यंत आई रोज सकाळी दुपटे बाजूला करून बेंबी पाहत असे, स्पर्श न करता. यंदाच्या नाताळात कोणता चित्रपट, याचा निर्णय झालेला आहे. गेल्या वर्षीचा अर्धाच पाहिला गेला, असे आईचे म्हणणे आहे. मागी लोक येतात तिथून तो पुढे लावायचा आहे.